गोव्यातल्या घरासाठी टॉवर स्पीकर घेताय? आधी टेप काढा, मग पैसे

माझी पहिली टॉवर जोडी मी खोली न मोजता घेतली होती. फोंड्यातला आमचा फ्लॅट, गाणं ऐकायला ठेवलेली खोली ११ बाय ११, स्लॅब १० फुटांवर, आणि मी आणले प्रत्येकी दोन-दोन आठ इंची वूफरवाले (वूफर म्हणजे खालचा आवाज काढणारा मोठा गोल भाग) भलेमोठे टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, कारण काय तर दुकानात ऐकताना अंगावर काटा आलेला. घरी लावले, पहिलाच तबला लावला, आणि डग्गा असा वाजायला लागला की गच्चीवरच्या रिकाम्या टाकीवर कोणी बुक्के मारतंय. आई आतून ओरडली, "अरे, वरच्यांकडे काय तोडफोड चाललीय का?" आठ महिने वायर बदल, ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) बदल, ट्वीटरपुढे (बारीक, वरचा आवाज काढणाऱ्या छोट्या भागापुढे) कापड लाव असले सगळे उद्योग केले आणि शेवटी तोट्यात विकले. स्पीकर वाईट नव्हते, चुकीच्या खोलीत आले होते बिचारे.

म्हणून खाली जे लिहितोय त्यात कुठला ब्रँड बेस्ट हे फारसं सापडणार नाही. आधी खोली, मग स्पीकर, मग ॲम्प, ह्या क्रमाने जा.

खोली मोजा आणि ५६३ ला भागा

टेप घ्या, खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत लिहा. आता ५६३ ला प्रत्येक आकड्याने भागा, जे उत्तर येईल तितक्या हर्ट्झला (सेकंदाला तितक्या कंपनांच्या सुराला) ती खोली स्वतःच घुमते. (आवाज सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो, त्याचं अर्धं म्हणजे हा ५६३.) १२ फुटांची भिंत असेल तर ४७ हर्ट्झ, १५ फूट असेल तर साडेसदतीस, १८ फूट असेल तर ३१. ह्याच आकड्यांची दुप्पट, तिप्पटसुद्धा घुमते.

माझ्या खोलीचं बघा. ११ फूट म्हणजे ५१ हर्ट्झ, दुसऱ्या बाजूनेही ५१ कारण खोली चौकोनी, वर स्लॅब ५६ ला. तिन्ही एकमेकांच्या डोक्यावर बसलेले. दुप्पट केलं की १०२, आणि डग्ग्याची मींड (सूर घसरवत नेणं) नेमकी ह्याच भागातून फिरते, म्हणजे दोन मात्रा सुंदर आणि तिसरी अंगावर येते. चौकोनी खोली सगळ्यात वाईट ती ह्याच्यामुळे. तुमच्याकडे दोन खोल्यांचा चॉइस असेल तर लांबट घ्या, थोडी लहान असली तरी चालेल.

आता आपल्याकडची गंमत. जुनं घर असेल, चिऱ्याच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, खाली सीलिंग नाही, तर बराचसा बेस कौलांतून आणि फटींतून सरळ बाहेर निघून जातो, शिवाय छत उतरतं असल्याने वरखाली समांतर काही नसतं. असल्या सोप्यात किंवा माजघरात मोठे टॉवर मस्त उघडतात, माझ्या मामाकडे सावईवेऱ्याला हेच अनुभवलं, जे स्पीकर माझ्याकडे गुदमरत होते तसलेच तिथे श्वास घेत होते. फक्त जून-जुलैत कौलांवर पाऊस धरला की विलंबित ख्याल विसरा, पावसाचंच ऐका. फ्लॅटमध्ये उलटं. काँक्रीटची स्लॅब, प्लास्टर, व्हिट्रिफाइड टाइल्स, बेस कुठे जाणार? आतच फिरतो.

मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर झिंग्ग असं काही ऐकू आलं तर समोरासमोरच्या भिंती मोकळ्या आहेत आणि ट्वीटर कितीही भारी घेतलात तरी तो किरकिरा वाटणार. ह्याचा इलाज स्पीकर घ्यायच्या आधी करा, स्वस्तात होतो: पुस्तकांनी भरलेलं कपाट, जाड पडदे, जमिनीवर सतरंजी. जाड लोकरी गालिचा मात्र घेऊ नका बाबांनो, ऑगस्टपर्यंत त्याला बुरशीचा वास येतो, मी एक टाकून दिलाय. सतरंजी किंवा गोधडी धुता तरी येते.

टॉवर हवाच आहे का?

हा प्रश्न दुकानदार विचारणार नाही, तुम्हीच स्वतःला विचारा. टॉवरची खोली, म्हणजे पुढून मागे, १२ ते १४ इंच असते, मागे दीड-दोन फूट जागा सोडायची, म्हणजे त्याचं तोंड भिंतीपासून ३ फुटांवर आलं. तुमची खुर्ची मागच्या भिंतीला चिकटवायची नाही (का ते पुढे सांगतो), तिच्यामागे किमान ३ फूट. ११ फुटांच्या खोलीत उरले ५. पाच फुटांवरून तीन ड्रायव्हरवाला (ड्रायव्हर म्हणजे वूफर, ट्वीटर असे आवाज काढणारे भाग) टॉवर ऐकलात तर ट्वीटरचा आवाज वरून, वूफरचा खालून असे तुकडे होतात, एकजीव होत नाही.

माझं सरळ मत: १३०-१४० चौरस फुटांच्या खाली बंद काँक्रीटची खोली असेल तर चांगले बुकशेल्फ (छोटे, स्टँडवर ठेवायचे स्पीकर) आणि जड स्टँड घ्या, बेस कमी वाटला तर नंतर एक छोटा सबवूफर, म्हणजे फक्त बेसचा वेगळा स्पीकर. दीडशेच्या वर, किंवा हॉल डायनिंगला उघडा आहे, किंवा कौलारू घर, तर टॉवर घ्या बिनधास्त. स्टँडचे पैसे वाचतात, जागा तेवढीच खातो, आणि मोठ्या कॅबिनेटमधून येणारा बेस जास्त सहज वाटतो हे खरंच आहे.

अजून एक, तुम्ही ऐकता काय? आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८ च्या तबकड्या किंवा जुनं नाट्यसंगीत हेच जर रोजचं असेल तर त्या ध्वनिमुद्रणात खालचा बेस जवळपास नाहीच, सगळा जीव मधल्या पट्टीत आहे. तिथे ३० हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या टॉवरचे पैसे वाया, तेच पैसे चांगल्या मिडरेंजवर घाला. पाश्चात्य ऑर्केस्ट्रा, चर्च ऑर्गन, इलेक्ट्रॉनिक, किंवा बेस गिटार (तिची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झ) ऐकणाऱ्यांना खालची पोच लागते.

ब्रोशर कसं वाचायचं

ब्रोशरवरचा मोठ्ठा वॉटचा आकडा आधी विसरा. "पीक ४०० वॉट" म्हणजे स्पीकर जळायच्या आधी क्षणभर किती सहन करेल ते, तो किती चांगला वाजेल ह्याच्याशी काही संबंध नाही.

बघायचा तो आकडा सेन्सिटिव्हिटी. ८७ डेसिबल, ९० डेसिबल असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे २.८३ व्होल्ट दिले की एक मीटरवर किती आवाज. ८ ओमच्या (ओम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप) स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोब्बर १ वॉट. पण ४ ओमच्या स्पीकरला तेच २ वॉट होतात, म्हणून ४ ओमवाल्याचे ९० लिहिलेले असतील तर मनात ८७ धरा. ही जुनी हातचलाखी आहे, खोटं कोणी बोलत नाही पण खरंही नीट सांगत नाही. ३ डेसिबल वाढवायला ॲम्पची ताकद दुप्पट लागते, १० वाढवायला दहापट, तेव्हा हा फरक छोटा नाही.

मग इम्पीडन्स, म्हणजे तोच ओमचा आकडा. नॉमिनल ८ लिहिलेलं असलं तरी काही ठिकाणी तो ३.५ पर्यंत खाली जातो, म्हणून "मिनिमम" किती ते विचारा. साध्या एव्ही रिसीव्हरवर (टीव्ही-सिनेमासाठीच्या ॲम्पवर) लावणार असाल तर ४ ओमचा अवघड टॉवर टाळा, रिसीव्हर तापतो आणि मोठ्या आवाजात बंद पडतो.

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकर कुठून कुठपर्यंतचे सूर वाजवतो, तो "३५ हर्ट्झ ते २५ किलोहर्ट्झ" एवढंच लिहिलं असेल तर ते अर्धवट आहे. पुढे प्लस-मायनस ३ डेसिबल लिहिलंय का बघा. मायनस १० ला, म्हणजे आवाज १० डेसिबल पडेपर्यंत मोजून कुठलाही स्पीकर ३० ला पोचवता येतो कागदावर.

टू-वे, अडीच-वे, थ्री-वे ह्यात जास्त गोंधळ घालू नका. अडीच-वे म्हणजे दोन वूफर एकसारखे, पण एकाला फक्त खालचं काम आणि दुसरा खालचं करून मधलंही गातो. थ्री-वेमध्ये मधल्या आवाजाला वेगळा ड्रायव्हर. स्वस्तातल्या थ्री-वेपेक्षा नीट बनवलेला अडीच-वे मला कधीही आवडतो, कारण क्रॉसओव्हरमध्ये (कुठला आवाज कुठल्या ड्रायव्हरला जाईल ते वाटणाऱ्या सर्किटमध्ये) पार्ट वाढले की स्वस्त कंपन्या तिथेच कात्री लावतात.

पोर्ट म्हणजे घुमट

कॅबिनेटला जे भोक असतं ते कशाला, हे मला सगळ्यात लवकर कळलं ते चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरतीत. घुमट तुम्ही बघितलंय ना, मातीचं भांडं, दोन्हीकडे तोंड, मोठ्या तोंडावर कातडं (पूर्वी घोरपडीचं, आता बंदी म्हणून बकऱ्याचं) आणि मागचं लहान तोंड उघडं. वाजवणारा उजव्या हाताने कातड्यावर थाप मारतो आणि डावा हात मागच्या तोंडाशी उघडझाप करतो, हात काढला की घूऽऽम, झाकला की आवाज आखडतो. स्पीकरचं तस्संच आहे. वूफर म्हणजे कातडं, कॅबिनेट म्हणजे मडकं, पोर्ट म्हणजे मागचं तोंड, आतली हवा एका ठराविक सुरावर डुलते आणि बेसला जोर देते. पोर्ट मागे असेल आणि भिंत जवळ असेल तर बेस फुगतो. कंपनीने सोबत फोमचे बूच दिले असतील तर ते घालून बघा, नसतील तर जुना सुती मोजा गुंडाळून घाला, हसू नका, चालतं. हात घुमटाच्या तोंडावर ठेवल्यासारखं होतं ते.

लहान फ्लॅट असेल तर पुढे पोर्ट असलेला किंवा सीलबंद कॅबिनेटचा टॉवर शोधा. पुढे पोर्ट म्हणजे भिंतीला चिकटवला तरी चालतो असं मात्र नाही, थोडी सूट मिळते एवढंच.

ॲम्प किती वॉटचा

हिशोब करून टाकू. तुम्ही ३ मीटरवर बसलात, सरासरी ७५ डेसिबलला ऐकता (हे घरातल्यांनी तक्रार करावी इतपत आहे), आणि तबल्याची तुकडी किंवा ऑर्केस्ट्राचा झटका २० डेसिबल वर जातो, म्हणजे ९५. अंतरामुळे मोकळ्या जागेत साडेनऊ डेसिबल गळतात पण भिंती आणि दुसरा स्पीकर मिळून थोडं परत देतात, म्हणून ६ धरू. एका मीटरवर १०१ लागले. स्पीकर ८ ओमचा, ८७ चा असेल तर १४ डेसिबल कमी पडतात, म्हणजे साधारण २५ वॉट. झालं. दुप्पट-तिप्पट गाळा ठेवा, ५० ते ८० खऱ्या वॉटचा ॲम्प बास झाला. ९५-९६ च्या पुढचे हॉर्नवाले स्पीकर (क्लिप्श १९४६ पासून हेच करतेय) तर १० वॉटच्या व्हॉल्व्ह ॲम्पवरही घर दणाणून सोडतात, पण छोट्या टाइल्सच्या खोलीत ते फार पुढे येऊन बोलतात, स्वतः ऐकल्याशिवाय घेऊ नका.

वायर: २.५ स्क्वेअर एमएमची चांगली तांब्याची, संपला विषय. पाच मीटरला जाऊन-येऊन ओमचा दहावा भागसुद्धा रेझिस्टन्स होत नाही. वायरवर हजारो रुपये घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना सतरंजी घ्यायला सांगतो.

ऐकायला जाणं

गोव्यात टॉवरचे चार-पाच मॉडेल शेजारी शेजारी ऐकायला मिळणं कठीण. मी कोकणकन्येने संध्याकाळी निघून सकाळी मुंबईला उतरतो, दोन दुकानं करतो आणि परत. जाताना टेपने मोजलेले आकडे आणि खोलीचे फोटो घेऊन जा, चांगला दुकानदार ते बघून दोन मॉडेल स्वतःच बाजूला काढतो. फोटो न बघता "सर, हे घ्या, सध्या सगळे हेच घेतायत" म्हणाला की चहा पिऊन निघायचं.

गाणी स्वतःची न्या, आणि तुम्हाला खरा आवाज माहीत असलेली न्या. माझ्या पेनड्राइव्हवर पाच गोष्टी असतात. एक, नुसता तानपुरा, दोन मिनिटं. जवारी, म्हणजे तारांची ती गुंजन, रेशमी लागली पाहिजे, वाळू पडल्यासारखी नाही. दोन, अभिषेकीबुवांचं नाट्यपद, शब्दांतला स आणि श टोचतो का बघायला. तीन, सोलो तबला, डग्ग्यासाठी. चार, पियानो. आणि पाचवं माझं लाडकं: आमच्या घरच्या चवथीची घुमट आरती, मी छोट्या रेकॉर्डरवर माटोळीखाली (गणपतीवर फळं-पानं बांधतात त्या सजावटीखाली) बसून घेतलेली, त्यात शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य) आहे, झांजा आहेत, काकांचं खोकणं आहे. रेकॉर्डिंग काही स्टुडिओचं नाही, पण तो आवाज खोलीत कसा होता ते मला पाठ आहे. ज्या स्पीकरवर घुमटाची थाप थाप म्हणून येते आणि लगेच थांबते तो माझा, ज्याच्यावर ती शेपूट ओढत राहते तो नाही.

दोन स्पीकर तुलना करताना आवाज सारखा करा, फोनवर डेसिबल मोजायचं ॲप असतं, त्याने. एखादा डेसिबल मोठा वाजणारा नेहमीच भारी वाटतो, दुकानदारांना हे चांगलं ठाऊक असतं. आणि पाच मिनिटांत निर्णय नको. पहिल्या पाच मिनिटांत जो चमकदार वाटतो तोच चाळीस मिनिटांनी कान दुखवतो, हे माझ्याबाबतीत तीनदा झालंय.

कॅबिनेटवर बोटाच्या पेराने टकटक करा, मधोमध. लाकडी दारासारखा छोटा, मेलेला आवाज यायला हवा, खोक्यासारखा पोकळ आला तर खर्जातला गायक त्या खोक्यातूनच गाणार.

खाऱ्या हवेत आणि पावसात काय टिकतं

वूफरच्या कडेची जी गोल पट्टी असते ती रबराची आहे की फोमची हे बघितल्याशिवाय आपल्याकडे स्पीकर घेऊ नका. फोम दमटपणात सडतो, काही वर्षांत कुजून भुगा होतो. माझ्या मित्राने एक जुनी सुंदर जोडी सेकंडहँड घेतली, मे महिन्यात वाजत होती, दुसऱ्या पावसाळ्यात बोट लावलं तर पट्टी बिस्किटासारखी तुटली. रबर वर्षानुवर्षं जातं. सेकंडहँड बघताना जाळी काढायला लावा, बोटाने पट्टी हलकेच दाबा, मग दोन्ही हातांनी वूफर अगदी सरळ आत ढकला, खरखर लागली तर आतली तारेची कॉइल घासतेय, सोडून द्या.

कॅबिनेट बहुतेक एमडीएफचं असतं आणि त्याचा शत्रू म्हणजे रोजचा पोछा. खालची कड पाणी पिते, फुगते, मग फिनिश सुटतो. म्हणून टॉवर जमिनीपासून उचललेलाच हवा. टॉवरखाली लावायचे टोकदार स्पाइक टाइल्सवर किंवा जुन्या लाल कोब्यावर थेट ठेवलेत तर खड्डे पडतील, खाली नाणी ठेवणारे आहेत, पण मी किचनच्या ओट्याचं काम करणाऱ्याकडून ग्रॅनाईटचे दोन उरलेले तुकडे कापून घेतले, फुटभर बाय सव्वा फूट. जड, पाण्याला घाबरत नाहीत, आणि दिसतातही बरे.

समुद्राजवळ राहत असाल तर मागच्या टर्मिनलवर हिरवा थर धरतो. सोन्याचा मुलामा दिलेले बनाना प्लग लावा, उघड्या तांब्याच्या वायरीपेक्षा बरे, आणि वर्षातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

लावायचे कसे

स्पीकर घरी आले की आधी जमिनीवर मास्किंग टेपने खुणा करा. दोन स्पीकरमधलं अंतर आणि स्पीकरपासून तुमचं अंतर साधारण सारखं, म्हणजे समभुज त्रिकोण. कोपऱ्यात कोंबू नका, भिंत आणि कोपरा दोन्ही बेस वाढवतात. स्पीकरचं तोंड त्याच्या मागच्या भिंतीपासून २ फुटांवर असेल तर भिंतीवरून परत येणारा आवाज १४० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खातो, ३ फुटांवर तो खड्डा ९४ ला सरकतो. म्हणून सहा-सहा इंच हलवत ऐका, पुरुषी आवाज कुठे भरदार होतो ते कळतंच.

खुर्चीचं: तुमच्या पाठीमागच्या भिंतीला टेकून बसलात तर सगळा घुमारा कानावर, बरोब्बर मध्यावर बसलात तर काही बेस गायबच. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर, मागच्या भिंतीपासून, सुरुवात करा, १५ फुटांत पावणेसहा फूट होतात. ट्वीटर कानाच्या उंचीला यायला हवा, खुर्चीत बसून ३६ ते ४० इंच. मग दोन्ही स्पीकर आत वळवा, त्यांच्या रेषा तुमच्या डोक्याच्या थोड्या मागे भेटतील इतपत, आवाज मध्ये गोळा झाला की थांबा.

आता फोनवरून २० ते २०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर चढत जाणारा सूर) हळू आवाजात सोडा आणि घरभर फिरा. खिडकीचं ग्रिल, शोकेसची काच, ट्यूबलाइटची पट्टी, सगळे आपापल्या सुरावर बोलायला लागतील. माझ्याकडे ६३ हर्ट्झला देव्हाऱ्यातली घंटा किणकिणायची, दोन महिने मी वूफर खराब झाला म्हणून रडत होतो. ज्यांना खोलात जायचंय त्यांनी रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर आणि एक यूएसबी मोजणी माइक घ्यावा, खोलीचे डोंगर-दऱ्या स्क्रीनवर दिसतात.

पावसाळा

जूनपासून रोज अर्धा तास तरी वाजवा, बंद खोलीत पडून राहिले की जाळीच्या कापडाला आधी बुरशी येते. एसी असेल तर ड्राय मोड. वीज कडाडायला लागली, मेच्या शेवटी आणि परत ऑक्टोबरात, की ॲम्पचा प्लग भिंतीतून काढा, स्विच बंद करून भागत नाही, आणि टीव्हीची किंवा नेटची वायर ॲम्पला जोडलेली असेल तर तीही, कारण माझा एक ॲम्प गेला तो नेमका त्या वायरीतून.

खोकी फेकू नका. वॉरंटीसाठी स्पीकर मुंबईला परत पाठवायची वेळ आली तर २०-२५ किलोचा टॉवर दुसऱ्या कशात जात नाही. पण माळ्यावर तशीच ठेवलीत तर वाळवी पुठ्ठ्यावर आधी चढते, म्हणून थर्माकोल वेगळा काढा, खोकी सपाट करून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि भिंतीपासून वीतभर लांब, लाकडी पट्टीवर ठेवा.